आधी मशीन, मग रस्ता: डान्स गेमभोवती कुटुंबाची रोड ट्रिप कशी आखावी

सहल आखताना आपण बहुधा ठिकाण ठरवतो, मुक्काम ठरवतो आणि वाटेत काय काय बघता येईल ते नंतर शोधतो. आर्केडमधले, म्हणजे पैसे भरून मशीनवर खेळायच्या गेम झोनमधले डान्स गेम खेळायला निघायचं असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. पडद्यावर बाण येतात तसे पायाखालच्या पॅडवरचे बाण तालात दाबायचे, असा हा खेळ. डोंगर आणि समुद्र कुठे जात नाहीत. मशीन मात्र आज आहे, उद्या गोदामात गेलेलं असेल. किंवा जागेवर असेल आणि त्याचा डावा बाणच लागत नसेल. शिवाय हा खेळ पायांनी खेळायचा आहे, आणि गाडी चालवणाऱ्याचे ब्रेकवरचे पायही तेच. नकाशावर किती आर्केड बसतात हे कुणीही मोजतं. पाय किती पुरतील हे मोजायचं राहून जातं आणि बहुतेक बेत तिथेच फसतात. म्हणून एक नियम सुरुवातीलाच घालून घ्या: दिवसाला एकच मशीन, पण चांगलं. पुढचं सगळं या नियमाला धरून आहे.

कोणतं मशीन हवं ते आधी ठरवा

लांबून सगळी डान्स मशिनं सारखीच दिसतात. मोठा पडदा, खाली दोन पॅड, बहुतेकांना मागे लोखंडी दांडा. पायांना मात्र फरक लगेच कळतो.

कोनामी कंपनीचं डान्स डान्स रेव्होल्यूशन, म्हणजे डीडीआर, १९९८ मध्ये जपानमधल्या आर्केडमध्ये आलं. प्रत्येक पॅडवर चार बाण: वर, खाली, डावा, उजवा. मधला चौकोन नुसता उभं राहण्यापुरता. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या अँडामिरोने पंप इट अप आणलं. त्यात पाच पॅनल आहेत: चार कोपऱ्यांत तिरके बाण, वरचे लाल आणि खालचे निळे, आणि मधोमध पिवळं पॅनल. फरक एका पॅनलचा वाटतो, पण पंपमध्ये पाय तिरके पडतात, मध्यावरून सतत वळावं लागतं आणि कंबरेपासून अख्खं अंग फिरतं. डीडीआरवर मुरलेला माणूसही पंपवर पहिल्या दिवशी चाचपडतो. दोन्ही खेळ एकाच दिवशी पहिल्यांदा शिकायला जाऊ नका.

२००४ मध्ये अमेरिकेत रॉक्सर गेम्सचं इन द ग्रूव्ह आलं. तेही चार बाणांचं, पण अवघड खेळणाऱ्यांसाठी बांधलेलं. त्यात पाय ठेवला की नुकसान करणारे ‘माइन’ही आहेत. कोनामीने त्यावर खटला भरला, २००६ मध्ये तडजोड झाली आणि खेळाचे हक्क कोनामीकडे गेले. म्हणजे आता जी मशिनं दिसतात ती जुनीच, कुणीतरी जीव लावून जपलेली. घरात मुरलेला खेळाडू असेल तर अशा मशीनसाठी वाट वाकडी करायला हरकत नाही. सगळे नवखे असतील तर उगाच जाऊ नका.

नवख्या कुटुंबासाठी माझी पहिली पसंती स्टेपमॅनियाएक्सला. स्टेप रेव्होल्यूशन या कंपनीचं हे मशीन पाच पॅनलचं आहे, पण पॅनल अधिकच्या चिन्हासारखी मांडलेली: डीडीआरचे चार बाण आणि मधलं पॅनल. सोप्या पातळीची गाणी खरंच सोपी आहेत, आणि डीडीआरची सवय इथे वाया जात नाही. आणि ज्यांना बाण बघताच धडकी भरते त्यांच्यासाठी कोनामीचं २०१८ मधलं डान्सरश स्टारडम. त्यात बाणांची पॅनल नाहीतच. सपाट उजळणारी फरशी असते, पाय कुठे आहे ते सेन्सर ओळखतो आणि पाय आपटण्याऐवजी घसरवत नाचायचं असतं. सहा वर्षांचं मूल आणि त्याची आजी पहिल्याच गाण्याला एकत्र उभ्या राहू शकतील असं हे बहुधा एकच मशीन.

घरातल्या प्रत्येकाला काय खेळायचं आहे ते विचारा आणि जास्तीत जास्त दोन प्रकार पक्के करा.

आवृत्तीही बघून ठेवा. डीडीआरच्या अलीकडच्या आवृत्त्या म्हणजे ए (२०१६), ए२० (२०१९), ए३ (२०२२) आणि वर्ल्ड (२०२४). पण कित्येक ठिकाणी त्याआधीचीच मशिनं चालू असतात. आवृत्ती बदलली की गाण्यांची यादी बदलते. मुलीने महिनाभर ज्या गाण्याचा सराव केला तेच तिथे नसेल, तर पुढचा तासभर गाडीत काय वातावरण असेल ते सांगायला नको. दुसरा घोळ आकड्यांचा. जुन्या डीडीआरमध्ये अवघडपणा १ ते १० असा मोजायचे; २००८ च्या डीडीआर एक्सपासून ही मोजपट्टी २० पर्यंत गेली. त्यामुळे नव्या मशीनवरचं ९ हे मधलं, आणि जुन्या मशीनवरचं ९ घाम काढणारं. जुन्या मशीनवर आकड्यावर भरवसा ठेवू नका. आधी दोन पातळ्या खाली उतरून खेळा.

शोध आणि फोन

मशिनं कुठे आहेत याच्या याद्या खेळाडूंनीच वर्षानुवर्षं जपल्या आहेत. झेनियस-आय-व्हॅनिशर हे संकेतस्थळ त्यांतलं जुनं आणि खात्रीचं नाव: आर्केड, तिथली मशिनं आणि नोंद शेवटची कधी बदलली हे एकत्र मिळतं. स्टेपमॅनियाएक्सच्या संकेतस्थळावरही ठिकाणांचा नकाशा आहे. यादीत नाव दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, शेजारची तारीख बघा. दीड वर्षापूर्वीची नोंद म्हणजे ऐकीव बातमी. नकाशाच्या ॲपवर त्या आर्केडची लोकांनी टाकलेली अगदी ताजी छायाचित्रं उघडा आणि मागची बाजू न्याहाळा. वाढदिवसाच्या फोटोत पोरांच्या डोक्यांमागे मशीन चालू दिसलं, तर त्याहून चांगला पुरावा नाही.

मग फोन करायचा. ही पायरी सगळे टाळतात आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. फोन उचलणाऱ्याला खेळाचं नाव माहीत असेलच असं नाही, म्हणून नावाने विचारू नका, दिसतं तसं विचारा. पायाने खेळायचं डान्स मशीन आहे का? बाण सरळ आहेत की तिरके, मध्ये पिवळा चौकोन आहे का? दोन्ही बाजू चालतात का? तेवढ्यावर ‘हो हो, आहे’ असं उत्तर मिळेल. तिथे थांबू नका. “आत्ता जाऊन जरा बघून सांगाल का, मी फोनवर थांबतो,” असं नम्रपणे म्हणा. बसल्या जागेवरून दिलेला होकार आणि मशीनसमोर उभं राहून दिलेला होकार यांत फार फरक असतो. ‘बंद’ची पाटी त्यालाही तेव्हाच दिसते.

मशीन आहे हे कळल्यावर एवढं विचारून घ्या: त्या दिवशी कुणी अख्खी जागा समारंभासाठी घेतली आहे का, पैसे नाण्यांनी, कार्डाने की तासाच्या हिशोबाने, आणि मुलांना संध्याकाळी किती वाजेपर्यंत आत येऊ देतात. ठरावीक वेळेनंतर लहान मुलांना मनाई असलेली आर्केड बरीच आहेत, आणि हे दारात पोचल्यावर कळलं तर काहीच करता येत नाही. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करा.

मार्ग आखताना पाय मोजा

नकाशा आता उघडायचा. आधी मशिनं मांडा, त्यांतलं सर्वांत चांगलं निवडा आणि सगळी सहल त्याच्याभोवती विणा.

सर्वांत मोठा निर्णय मुक्कामाचा: तो मशीनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर घ्या. थोडा महाग पडला तरी घ्या. गाडी लावून टाकली, सगळे चालत आर्केडमध्ये गेले, चालत परत आले, की गाडी चालवणाऱ्यालाही मनसोक्त खेळता येतं. नाहीतर एकट्या त्यानेच बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायच्या, हे काही बरोबर नाही.

दुसरं म्हणजे अंगदुखीचं वेळापत्रक. सवय नसताना पायांनी जोराचे कष्ट केले की दुखणं त्याच दिवशी पूर्ण जाणवत नाही. ते साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. पोटऱ्या आणि मांड्यांचा पुढचा भाग जास्त धरतो. याचा अर्थ सर्वांत चांगलं मशीन सहलीच्या शेवटी ठेवणं ही वाईट कल्पना आहे. ‘गोड शेवट’ म्हणून राखून ठेवलेल्या मशीनसमोर सगळे जिना उतरल्यासारखे तिरके चालत पोचतात.

समजा चार दिवस आहेत. पहिल्या दिवशी निम्मा दिवस प्रवास आणि संध्याकाळी लहानशा ठिकाणी पाऊण तास, तोही सोप्या गाण्यांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्केड उघडताच मुख्य मशीन, दोन तास, मध्ये भरपूर बसून. तिसरा दिवस कोरडा ठेवा: प्रवास, पोहणं, भटकणं, काहीही, पण पॅड नाही. चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर ज्याला हवं त्याने तीन-चार गाणी. बेत फारच सुस्त वाटेल. पण तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना त्या सुस्तीबद्दल कुणी तक्रार करणार नाही.

मुख्य मशीनसाठी कामाच्या दिवसातली सकाळ धरा. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी रांग असते, गोंगाट असतो, आणि नवख्या माणसाला अनोळखी लोकांसमोर अडखळायचं दडपणही येतं.

गाडीचं म्हणाल तर दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटं थांबा, हा लांबच्या प्रवासाचा नेहमीचा नियम इथेही पाळा. त्यात एक भर. तासन्‌तास बसून आलेले पाय घेऊन थेट पॅडवर चढू नका; आधी दहा मिनिटं चाला, घोटे फिरवा, पोटऱ्या ताणा, आणि पहिलं गाणं सर्वांत सोपं घ्या. उलट दिशेने नियम आणखी कडक: खेळून उतरल्यावर अर्धा तास तरी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मांड्या थरथरत असतील किंवा पोटरीत गोळा आला असेल तर त्या माणसाने त्या दिवशी गाडी चालवूच नये. ब्रेक दाबताना गोळा आला तर काय होईल याची कल्पना करा, वाद तिथेच मिटेल.

घरची तयारी

तीन-चार आठवडे हाताशी असतील तर उत्तम. संगणकावर स्टेपमॅनिया नावाचा मोफत, मुक्तस्रोत कार्यक्रम चालतो. त्याला घडी घालता येणारं मऊ पॅड जोडलं की घरात सराव होतो. मऊ पॅड फरशीवर सरकतं, बाणाची कड पायाला लागत नाही, आणि आर्केडच्या पॅडची सर त्याला नाही. पण नजर तयार होते आणि तीच पहिली अडचण असते. पॅड नसेल तर फरशीवर खडूने चार चौकोन आखा आणि कुणीतरी खेळतानाच्या चित्रफिती लावून त्याप्रमाणे पावलं टाका. खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर वेळ बघून. एक दिवसाआड वीस मिनिटं पुरेत.

सुरुवातीला चार गोष्टी अंगवळणी पाडा. बाण वरच्या रिकाम्या खुणेवर नेमका बसतो त्या क्षणी पाय पडला पाहिजे, दिसताक्षणी नाही. प्रत्येक पावलानंतर मध्यावर परत येऊ नका. पाय बाणांवरच राहू द्या आणि पुढचं पाऊल दुसऱ्या पायाने टाका. मध्यावर परतायची सवय सगळ्यांना लागते, आणि वेग वाढला की तीच पाडते. पाय आपटू नका, पायाच्या पुढच्या भागाने हलकं दाबा; मशीनला जोर लागत नाही. गुडघे किंचित वाकलेले ठेवा.

एक गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण नवख्यांना ती कुणी सांगत नाही: बाणांचा वेग वाढवला की वाचणं बहुधा सोपं होतं. मूळ वेगाने बाण एकमेकांना चिकटून येतात आणि पडद्यावर गर्दी होते. वेग वाढवला तर गाणं जलद होत नाही, फक्त बाणांमधलं अंतर वाढतं. हिशोब साधा आहे: गाण्याचे मिनिटाला ठोके गुणिले निवडलेला वेग. १५० ठोक्यांचं गाणं २ पटीवर ठेवलं तर वाचनाचा वेग ३००. २०० ठोक्यांचं गाणं दीड पटीवर ठेवलं तरी ३००च. घरातल्या प्रत्येकाला कोणता आकडा मानवतो ते सरावातच शोधा आणि लिहून ठेवा. नवख्यांना २५० ते ३५० च्या आसपास काहीतरी जमतं. आर्केडमध्ये गाणं निवडायला वेळ मोजून मिळतो. तेव्हा भागाकार करत बसायला नको.

हृदयविकार, गुडघ्याची जुनी तक्रार, दमा किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच खेळा. लखलखत्या दिव्यांनी झटका येण्याचा त्रास कुणाला असेल तर त्या व्यक्तीसाठी ही मशिनं नाहीत. नुसतं जवळ बसणंही नको. हा नुसता नाचरा चाळा नाही, व्यायाम आहे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये डीडीआर आपल्या सार्वजनिक शाळांत आणायचं ठरवलं ते मुलांच्या वजनाच्या चिंतेपोटीच.

पिशवीत काय

बूट सगळ्यांत महत्त्वाचे. सपाट, पातळ तळाचे, घट्ट बसणारे. धावायचे जाड उशीवाले बूट नकोत. त्यांत बाणाची कड कळत नाही आणि घोटा मुरगळतो. खोल नक्षीचे तळवे पॅनलच्या कडांना अडकतात. नुसते मोजे घसरतात आणि अनवाणी खेळायला आर्केड देत नाहीत, देऊही नये. खेळायचे बूट वेगळे ठेवा, डिकीत सर्वांत वर, म्हणजे रस्त्यावरची वाळू पॅडवर जाणार नाही.

बाकी टॉवेल, बदलायचे टी-शर्ट आणि मोजे, झाकण घट्ट लागणाऱ्या पाण्याच्या बाटल्या, लहान मुलांसाठी कानांवरची आवाजरोधक हेडफोन. आर्केडमधला आवाज मोठ्यांनाही दोन तासांत दमवतो.

गुण साठवायचे असतील तर प्रत्येकाचं वेगळं कार्ड हवं. कोनामीच्या मशिनांना ई-अम्युझमेंट पास लागतो. कार्डावर ‘अम्युझमेंट आयसी’ची खूण असेल तर तेच कार्ड कोनामी, सेगा, बांदाई नामको आणि टायटो या चार कंपन्यांच्या सेवांना चालतं. पंपचं कार्ड वेगळं असतं. निघण्यापूर्वी घरी बसून नोंदणी करून टाका. मशीनसमोर गुप्त आकडा ठरवत बसलात की मागची रांग चुळबुळायला लागते.

मशीनसमोर पहिली पंधरा मिनिटं

पोचताच पैसे भरू नका. कुणी खेळत असेल तर एक अख्खं गाणं बघा. चांगला खेळाडू पुन्हा पुन्हा त्याच एका बाणावर चुकत असेल तर दोष त्याचा नाही, पॅनलचा आहे. मग कुटुंबातल्या सर्वांत अनुभवी माणसाने एकट्याने एक खेळ घ्यावा, सोपं गाणं, आणि प्रत्येक बाणावर पायाची जागा थोडी बदलत जावी: मध्यावर, कडेला, कोपऱ्यात. लांब धरून ठेवायचे बाण, ज्यांना डीडीआरमध्ये फ्रीज म्हणतात, त्यांच्यावर विशेष लक्ष द्या. पाय हलवला नाही तरी धरलेला बाण मध्येच सुटत असेल तर सेन्सर झिजलाय. त्याने दुसरा खेळ दुसऱ्या बाजूला घ्यावा. दोन्ही पॅड सारख्या तब्येतीचे असणं विरळा. डावा बरा, उजवा आजारी, असंच बहुधा निघतं.

सगळी पावलं एकसारखी लवकर किंवा एकसारखी उशिरा पडल्याचं मशीन सांगत असेल, तर पाय नव्हे, पडदा आणि आवाज यांचा मेळ बिघडलेला असतो. काही आवृत्त्यांत पर्यायांमध्ये तो थोडा सरकवता येतो. नसेल तर दोन गाण्यांत कान आपोआप जुळवून घेतो.

पॅनल मेलेलंच असेल तर कर्मचाऱ्याला सांगा. नेमकं सांगा: “दुसऱ्या बाजूचा खालचा बाण कोपऱ्यात लागत नाही.” नुसतं ‘मशीन खराब आहे’ म्हटलं की पाटी लागते आणि विषय संपतो. नेमकं सांगितलं तर कधी कधी ते पॅनल उघडून तिथल्या तिथे साफ करतात, नाहीतर गेलेला खेळ परत देतात.

मग कोण कुठे उभं राहणार ते ठरवा. लांब, अवघड गाणी खेळणाऱ्याला चांगलं पॅड. सोप्या पातळीवर असलेल्यांना अर्धवट सेन्सरही चालून जातो, कारण त्यांची पावलं ठसठशीत आणि सावकाश असतात.

पाळी, रांग आणि पैसे

एक गाणं दीड ते दोन मिनिटांचं. बऱ्याच ठिकाणी एका खेळात तीन गाणी मिळतात. निवडायचा वेळ धरला तर एक पाळी साधारण आठ मिनिटांची. तुमच्या दोन जोड्या आणि बाहेरचा एक गट मिळून फिरत असाल तर चोवीस मिनिटांनी पाळी येते. म्हणजे दोन तासांत प्रत्येक जोडीला पाच पाळ्या, पंधरा गाणी. नवख्या माणसाला पंधरा गाणी पोटभर होतात. म्हणून गर्दीच्या वेळी चार-पाच तासांचा ‘हवं तेवढं खेळा’ पास घेऊ नका. तो पास फायद्याचा ठरतो तो रिकाम्या सकाळीच.

जोड्या लावताना एक मोठं आणि एक लहान अशा लावा. एकाच गाण्यावर दोघांना वेगवेगळी पातळी निवडता येते: मुलगी बिगिनरवर, बाबा डिफिकल्टवर. डीडीआरमध्ये दोघं मिळून खेळताना एकाची पडद्यावरची, चुकांनी घटत जाणारी पट्टी संपली तरी दुसरा टिकून असेपर्यंत गाणं थांबत नाही, त्यामुळे लहानग्याला पूर्ण गाणं नाचायला मिळतं. पंप मिळालं तर त्यातली को-ऑप गाणी चुकवू नका. दोन किंवा अधिक जण दोन्ही पॅड मिळून वापरतात आणि कुणाचा बाण कोणता यावरून जो गोंधळ उडतो त्यासाठीच ती करायची.

रांग कशी लावतात ते प्रत्येक आर्केडमध्ये वेगळं. कुठे नाणं किंवा कार्ड मशीनच्या कडेला ठेवतात, कुठे नुसतं मागे उभं राहतात. तिथे असलेल्यांना विचारा, लगेच सांगतात. आपला खेळ संपला आणि कुणी थांबलं असेल तर उतरायचं, मूल कितीही रडलं तरी. दुसऱ्याच्या खेळात मोकळ्या पॅडवर मुलांना उड्या मारू देऊ नका. पाण्याची बाटली मशीनवर ठेवू नका. न विचारता कुणाच्या खेळाची चित्रफीत काढू नका. आणि तिथे जे नेहमी येणारे खेळाडू असतात त्यांच्याशी बोला. पुढच्या थांब्याचं मशीन या आठवड्यात कसं आहे हे कोणत्याही यादीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

मागच्या दांड्याबद्दल सावध राहा. तो मोठ्या माणसाला धरायला असतो, पण लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येऊ शकतो. मूल तोल जाऊन मागे आलं तर डोकं तिथेच आपटेल. लहान मूल खेळत असेल तेव्हा एक मोठा माणूस त्या दांड्यामागे उभा हवा, फोन खिशात ठेवून.

ज्यांना नाचायचंच नाही

प्रत्येक कुटुंबात एक जण असतोच. त्याला ओढून पॅडवर चढवू नका. आर्केड निवडतानाच तिथे बसायला जागा, आणखी दोन-तीन प्रकारचे खेळ आणि जवळपास शांत फिरता येईल असं काही आहे का ते बघा. गुणांची वही त्याच्याकडे द्या, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. ज्याला रस नाही त्याला कारकून का करायचं? त्याला दोन तास मोकळे द्या आणि भेटायची वेळ ठरवा.

मशीन बंदच निघालं तर

दोनदा फोन करूनही हे घडतं. म्हणून प्रत्येक मुख्य मशीनला एक पर्याय लिहून ठेवा, पण तासाभराच्या आतला. दोन तास लांबचा पर्याय हा पर्याय नसतो, ती चिडचिडीची वाट असते. तासाभरात दुसरं डान्स मशीन नसेल तर पर्याय म्हणून दुसरंच काहीतरी ठेवा: पोहायचा तलाव, ढोलांचा तालाचा खेळ असलेलं गेम झोन, काहीही. मुलांना हा दुसरा बेत आधीपासून माहीत असू द्या. ऐन वेळी शोधलेली गोष्ट त्यांना शिक्षा वाटते, आधी ठरलेली गोष्ट वाटत नाही.

आणि मशीन चालू असो की बंद, निघायच्या आधी गाडीत बसल्या बसल्या झेनियस-आय-व्हॅनिशरवर त्या आर्केडची नोंद ताजी करा: कोणती आवृत्ती, कोणती बाजू चांगली, कोणता बाण रुसलेला, आजची तारीख. गाडी चालवणाऱ्याचा अर्धा तास तसाही संपायचा असतो.